वर्गणीचे ज्ञान आणि बासनातील ज्ञान

कोणत्याही विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडावा आणि त्यातील ग्रंथालयाचे प्रकरण वाचावे. मजकूर बहुधा ठरलेला असतो. यंदा इतकी नवी ई-नियतकालिके उपलब्ध झाली, इतके डेटाबेस घेतले, वाङ्मयचौर्य शोधणारी संगणकप्रणाली बसविली. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन झाला, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला, ग्रंथप्रदर्शनाचे उद्घाटन कुलगुरूंच्या शुभहस्ते झाले. शेजारी फीत कापतानाचे छायाचित्र. अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेला असतो, कारण तो उद्या 'नॅक'च्या समितीपुढे ठेवायचा असतो.

यात वाईट काही नाही. परंतु एक प्रश्न या अहवालात सहसा आढळत नाही. या ग्रंथालयाच्या स्वतःच्या मालकीची जी हस्तलिखिते आहेत, त्यांपैकी यंदा किती वाचली गेली? किती संपादित झाली? किती पोथ्यांची नोंद यादीतील एका ओळीपलीकडे गेली? हा प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर देण्याची सवयच आपल्या विद्यापीठांनी सोडून दिली आहे. एखादी गोष्ट दुर्लक्षिली जाते तेव्हा मराठीत ती 'बासनात गुंडाळली' असे म्हणतात. पोथी ज्या वस्त्रात बांधून ठेवतात ते बासन. ज्ञान जपण्यासाठी असलेल्या वस्त्राचे नाव आज विस्मरणाचा वाक्प्रचार होऊन बसले आहे.

वर्गणी म्हणजे भाडे

विद्यापीठीय ग्रंथालयांच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी घटना म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा या योजनेचा विस्तार आहे. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे तिच्या समन्वयाचे काम आहे.

या योजनेचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. जी नियतकालिके पूर्वी केवळ आयआयटीसारख्या श्रीमंत संस्थांना परवडत, ती आता गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यालाही वाचता येतात. ज्ञानाच्या क्षेत्रातील ही विषमता दूर करणे हे राष्ट्रीय कार्यच आहे. जगात नवे काय चालले आहे हे न वाचता कोणताही देश मोठा होत नाही.

परंतु वर्गणी म्हणजे अखेर भाडे आहे. भाड्याच्या घरात सुखाने राहता येते, मात्र भाडे थांबले की दार बंद होते. शिवाय या नियतकालिकांत भारतीय संशोधकही लिहितात, इतरांचे लेख तपासण्याचे काम बहुधा विनामोबदला करतात आणि मग तेच ज्ञान आपण वर्गणी भरून विकत घेतो. दुधाची गाय आपली, चारा आपला आणि दुधाचे बिलही आपल्याच नावाने!

याउलट जे ज्ञान आपल्या मालकीचे आहे, ज्यासाठी कोणाला एक पैही द्यावी लागत नाही, ते कपाटात पडून आहे. देशात १ कोटीच्या आसपास हस्तलिखिते असावीत असा अंदाज आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या संपूर्ण वारशासाठी ६० कोटी रुपयांची तरतूद झाली. तीही मोठीच वाढ होती, कारण त्यापूर्वीचा आकडा साडेतीन कोटींचा होता. परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीपोटी वर्षाला सरासरी २००० कोटी आणि स्वतःच्या पोथ्यांसाठी ६० कोटी, म्हणजे शंभर रुपयांमागे तीन रुपये! वर्गणी कमी करा असे कोणी म्हणणार नाही. पण हे प्रमाण पाहून ज्याला अस्वस्थ वाटत नाही, त्याला स्वत्व या शब्दाचा अर्थ नव्याने शिकवावा लागेल.

म्हैसूरची एक पोथी

एका पोथीने काय होऊ शकते? म्हैसूरचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथील राजाश्रयाने १८९१ मध्ये एक प्राच्य ग्रंथालय स्थापन झाले. पुढे १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि ते ग्रंथालय विद्यापीठाकडे आले. या ग्रंथालयात आर. शामशास्त्री नावाचे ग्रंथपाल होते. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताकडून तेथे ताडपत्रावरील, ग्रंथ लिपीतील एक पोथी आली. शामशास्त्रींनी ती वाचली आणि त्यांच्या लक्षात आले की, शेकडो वर्षे ज्याचे केवळ नाव आणि तुरळक अवतरणे ठाऊक होती, तो कौटिल्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ आपल्या हातात आहे. १९०५ पासून त्यांनी त्याचा परिचय करून देण्यास आरंभ केला. १९०९ मध्ये मूळ संहिता आणि १९१५ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत पाश्चात्त्य पंडितांच्या एका मोठ्या वर्गाचे मत ठरून गेले होते. हिंदू हे परलोकाचे चिंतन करणारे लोक, राज्य कसे चालवावे, कर कसा घ्यावा, दुर्ग कसा बांधावा, याचा विचार त्यांनी कधी केलाच नाही, असे ते मत. ते मत भाषणांनी बदलले नाही, मोर्चांनी बदलले नाही. एका ग्रंथपालाने एक पोथी उघडून वाचली, म्हणून ते बदलले.

या कथेचा उत्तरार्ध महाराष्ट्रात घडला. मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांचे 'कौटिलीय अर्थशास्त्रा'चे चिकित्सित संपादन, अनुवाद आणि अभ्यास असे तीन भाग १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केले. दरम्यानच्या काळात हाती आलेल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहून कंगल्यांनी संहिता निश्चित केली. आजही जगात कोठेही अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्याला कंगल्यांचे संपादन बाजूला ठेवता येत नाही. म्हैसूरच्या ग्रंथपालापासून मुंबईच्या संपादकापर्यंतची ही वाटचाल साठ वर्षांची आहे. ज्ञान असे तयार होते. ते फीत कापून तयार होत नाही.

त्रावणकोरमध्येही असेच घडले. त. गणपतिशास्त्री यांना १९०९ मध्ये पद्मनाभपुरमजवळच्या एका मठात मल्याळम लिपीतील नाटकांच्या पोथ्या सापडल्या आणि १९१२ पासून भासाची म्हणून ती नाटके प्रसिद्ध होऊ लागली. ती सगळी भासाचीच आहेत काय, यावर विद्वानांत पुढे बराच वाद झाला. वाद व्हावेत, त्यात भय नाही. मात्र वाद होण्यासाठी आधी पोथी कोणीतरी वाचलेली असावी लागते.

बडोद्याचा दृष्टा राजा

ग्रंथालय म्हणजे काय, हे आधुनिक भारतात ज्यांना सर्वांत आधी कळले त्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक गेलेल्या या मराठी राजाने १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या. जे चांगले ते परदेशातून घेण्यास त्यांना संकोच वाटला नाही.

पण सयाजीराव तेथेच थांबले नाहीत, आणि आजच्या कुलगुरूंनी नेमके हेच शिकण्यासारखे आहे. त्यांनी चिमणलाल दलाल यांना पाटणच्या जैन भांडारांतील ताडपत्रे तपासण्यास पाठविले. १९१६ मध्ये राजशेखराची 'काव्यमीमांसा' प्रसिद्ध करून 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' ही ग्रंथमाला सुरू झाली. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले, ते १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाले. आणि याच विद्यापीठाच्या संस्थेने वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली.

पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने त्याआधीच महाभारताचे शिवधनुष्य उचलले होते. १९१९ मध्ये आरंभ, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांचे प्रमुख संपादकत्व, १,२५९ हस्तलिखितांचा आधार आणि १९६६ मध्ये पूर्ती. सुकथनकर १९४३ मध्येच निवर्तले. त्यांना कार्याची सांगता पाहता आली नाही, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या मागून आलेल्यांनी सत्तेचाळीस वर्षांच्या या ज्ञानयज्ञात अखेरपर्यंत पाळली. पिढ्यांचे काम पिढ्यांनीच पूर्ण करायचे असते.

मद्रास विद्यापीठाचे उदाहरणही असेच उद्बोधक आहे. ज्यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन साजरा होतो ते शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. गणिताचा हा अध्यापक ग्रंथालयशास्त्राचा आचार्य ठरला. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांचा सारा रोख एकच आहे, तो म्हणजे ग्रंथ वापरला गेला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आयुष्यभराच्या बचतीतील एक लाख रुपये त्यांनी पत्नीच्या नावे ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी याच विद्यापीठाला दिले. याच विद्यापीठाने १९३५ मध्ये जगभरातील संस्कृत हस्तलिखितांची एक महासूची करण्याचा संकल्प सोडला. 'न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम' हे तिचे नाव. पहिला खंड यायला १९४९ उजाडले आणि व्ही. राघवन यांच्यासारख्या विद्वानांनी त्यात आयुष्य वेचले. रंगनाथनांच्या प्रतिमेला दरवर्षी हार घालणाऱ्या किती विद्यापीठांनी स्वतःच्या पोथ्यांची साधी वर्णनात्मक सूची पूर्ण केली आहे, याची एकदा श्वेतपत्रिका निघायला हवी.

संताप नव्हे, पुरावा

येथे दोन्ही बाजूंना काही खडे बोल सुनावणे आवश्यक आहे. विद्यापीठांमध्ये एक वर्ग असा आहे की, हस्तलिखितांचा विषय निघताच तो 'पुनरुज्जीवनवाद' म्हणून नाक मुरडतो. या पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींना इतकेच विचारावे की, न वाचलेल्या ग्रंथात काय आहे हे त्यांना कळले कसे? या बासनांत केवळ स्तोत्रे आणि व्रतकथा नाहीत. गणित आहे, वैद्यक आहे, व्याकरण आहे, जमिनीच्या मोजणीचे हिशेब आहेत, जैन आणि बौद्ध आचार्यांचे खंडनमंडन आहे. पाठचिकित्सा ही कोणाही श्रद्धावंताची सोय पाहणारी विद्या नव्हे. ती कठोर शास्त्रशाखा आहे. लंडनमधील जुन्या कागदांचे संशोधन केले तर ते विद्वत्ता आणि पुण्यातील पोथीचे केले तर ते प्रतिगामित्व, हा न्याय मेकॉलेच्या शाळेतला आहे.

परंतु दुसरी बाजू अधिक जवळची आहे, म्हणून तिला अधिक स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे सभेत सांगून टाळ्या घेणे सोपे असते. त्यांना नेमके काय ठाऊक होते, केव्हा आणि कोणत्या पुराव्याने, हे सांगण्यासाठी लिपी शिकावी लागते, भाषा शिकावी लागते आणि धुळीत बसावे लागते. अभिमान हा अभ्यासाला पर्याय होऊ शकत नाही.

बक्षाली हस्तलिखिताची कथा या दृष्टीने मननीय आहे. पेशावरजवळच्या बक्षाली गावी १८८१ मध्ये भूर्जपत्रांवरील, शारदा लिपीतील ही गणिताची पोथी जमिनीत सापडली. १९०२ पासून ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. जी. आर. के या इंग्रज अभ्यासकाने १९२७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तिचा काळ थेट बाराव्या शतकापर्यंत खाली ओढला. त्याला उत्तर कोणी दिले? कोलकात्याच्या विभूतिभूषण दत्त यांनी. आणि कसे दिले? निषेधाचा ठराव करून नव्हे, तर १९२९ मध्ये त्या पोथीतील गणिताची बारकाईने छाननी करणारा प्रबंध लिहून. स्वाभिमानाची ही खरी रीत आहे.

पुढे १९९५ मध्ये या पोथीचा सर्वांगीण अभ्यास करणारी आवृत्ती आली ती ताकाओ हायाशी या जपानी विद्वानाची, आणि ती प्रसिद्ध झाली नेदरलँड्समध्ये. २०१७ मध्ये ऑक्सफर्डने कार्बन-मापनाचे निष्कर्ष जाहीर केले. काही पाने तिसऱ्या-चौथ्या शतकातील असावीत असे त्यांत आले आणि आपल्याकडील वृत्तपत्रांत शून्याचा जयघोष सुरू झाला. पण त्याच निष्कर्षांत दुसरी काही पाने त्यांहून कित्येक शतके अलीकडची निघाली होती. एकाच ग्रंथाच्या पानांचे असे तीन वेगवेगळे काळ कसे, असा प्रश्न विचारून अनेक गणितेतिहासकारांनी त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. त्या आक्षेपांची चर्चा आपल्याकडे किती झाली? पोथी भारतीयांची, कपाट इंग्रजांचे, संपादन जपान्याचे आणि आपल्या वाट्याला केवळ आनंदोत्सव, ही विभागणी कोणत्याही स्वाभिमानी समाजाला शोभणारी नाही.

चित्र म्हणजे वाचन नव्हे

वाजपेयी शासनाच्या काळात, २००३ मध्ये, राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले, तेव्हा या विषयाला प्रथमच राष्ट्रीय अधिष्ठान मिळाले. २०२५ मध्ये त्याचीच पुढची पायरी म्हणून 'ज्ञान भारतम्' मिशन जाहीर झाले. १ कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत त्यानिमित्त आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. हे अभिनंदनीय आहे. म्हणूनच एका धोक्याची सूचना वेळीच दिली पाहिजे.

छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. पोथीच्या पानाचे संगणकीय चित्र काढले की कसर आणि वाळवी यांपासून मजकूर वाचतो, एवढे खरे. पण तो कोणी वाचला नाही, त्याचे नाव, कर्ता, काळ, विषय यांची नीट नोंद झाली नाही, तर कापडी बासनाच्या जागी संगणकीय बासन आले, एवढाच फरक. हल्ली सांगितले जाते की, यंत्रच आता जुन्या लिपी वाचेल. अवश्य वाचेल. परंतु यंत्राला लिपी शिकविण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात. गुरूच नसेल तर शिष्य शिकणार कोणाकडे?

महाराष्ट्रापुरते पाहिले तर मोडीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या राज्यकारभाराचा, जमाखर्चाचा, न्यायनिवाड्यांचा प्रत्यक्ष पुरावा त्यांत आहे. त्या मानाने मोडी सराईतपणे वाचणारे फार थोडे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. पण ज्या लिपीत या भाषेचा कित्येक शतकांचा व्यवहार नोंदला गेला, ती वाचण्याची सोय आपल्या महाविद्यालयांपैकी कितींत आहे? अभिजाततेचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि दप्तर अंधारात, अशी ही स्थिती आहे.

काय व्हावे?

मागण्या अवास्तव नाहीत. ज्या ज्या विद्यापीठाकडे हस्तलिखिते आहेत, त्याने आपल्या संग्रहाची वर्णनात्मक सूची ठरावीक मुदतीत पूर्ण करून सर्वांसाठी खुली करावी. यात अशक्य काही नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संग्रहाची सूची गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत सिद्ध केली होती, आणि दुसऱ्या एका संग्रहाची सूची ह. दा. वेलणकरांनी १९५३ मध्ये. तेव्हा संगणक नव्हता, होती ती चिकाटी.

ग्रंथपालांच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि हस्तलिखितांसाठी लिपीज्ञ सहायकांची स्वतंत्र पदे निर्माण व्हावीत. अध्यापकाच्या पदोन्नतीच्या गुणांकनात एका हस्तलिखिताच्या चिकित्सित संपादनाला परदेशी नियतकालिकातील लेखाइतकेच वजन मिळावे, कारण त्याला श्रम कित्येक पट अधिक लागतात. आणि ग्रंथालयांनी वर्षातील एक तरी कार्यक्रम फीत, हार आणि भाषणे वगळून करावा. एक पोथी मेजावर ठेवावी, ती वाचणारा एक जाणकार बसवावा आणि दहा विद्यार्थ्यांना तिचे पहिले पान स्वतः वाचायला लावावे.

सगळे शासनाने करायचे आणि समाजाने टाळ्या वाजवायच्या, असेही नव्हे. अनेक जुन्या घरांत आजही माळ्यावर, देवघरात, आजोबांच्या पेटीत पोथ्या आणि मोडी कागद आहेत. घर बदलताना किंवा वडीलधारे माणूस गेल्यावर, अपवित्र होऊ नयेत म्हणून ते नदीत सोडले जातात. भावना शुद्ध असते, पण परिणाम नालंदाच्या आगीहून वेगळा नसतो. नालंदाचे ग्रंथ भस्मसात झाल्याची सल हिंदू समाज शतकानुशतके उरी बाळगून आहे. ती बाळगणे योग्यच. पण आग लावण्यासाठी आक्रमक लागतो, कसर लागण्यासाठी केवळ आपला आळस पुरतो. आणि या दुसऱ्या विनाशासाठी दोष द्यायला बाहेरचा कोणी मिळणार नाही.

घरातील अशी पोथी नदीवर नेण्याऐवजी जवळच्या विद्यापीठात, इतिहास संशोधक मंडळात किंवा प्राच्यविद्या संस्थेत न्यावी आणि तिची नोंद करून घ्यावी. घरातील एका मुलाने अथवा मुलीने सुटीत मोडीचे वर्णन समजून घ्यावे, मुळाक्षरे गिरवावीत आणि वर्षभरात एक कागद स्वतः वाचून दाखवावा. शामशास्त्रींकडे ती पोथी घेऊन आलेला तंजावरचा पंडित कोण होता, हे आज बहुतेकांना ठाऊकही नाही. पण तो ती घेऊन नदीवर गेला असता, तर कौटिल्य अजूनही एक ऐकीव नावच राहिला असता.